एका इंचाची सूज

चिरंजीव धाकटीस,

थोरल्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझा दमा कसा आहे? (खरं लिही. ‘बरा आहे’ हे उत्तर तू वीस वर्षं देते आहेस आणि दमाही वीस वर्षांचाच आहे.) मेहुण्यांचा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना अजून बिनतेलाच्या मशीनसारखा वाजतो का? तुझ्या सासूबाईंचे कान कसे आहेत? त्यांना मुळातच कमी ऐकू येतं की फक्त तुझंच ऐकू येत नाही, याचा काही निकाल लागला का? भाचीची अक्कलदाढ आली का? नसेल आली तर घाई करू नको म्हणावं, माझी एकसष्टाव्या वर्षी आली आणि तिचा काहीएक उपयोग झाला नाही. मांजर पुन्हा गाभण आहे असं ऐकतो, तिलाही माझे आशीर्वाद. इकडे मी बरा आहे, तुझी वहिनी माझ्याहून बरी आहे, आणि माझा डावा दंड उत्तम आहे. दंडाची खुशाली वेगळी का कळवतो ते पुढे येईल.

तुझं पत्र पोचलं. त्यात बारा ओळी पडद्यांच्या झालरीवर होत्या आणि तळाशी एक ओळ कोपऱ्यात चेपून बसवलेली, ‘लस मध्ये थांबवली होती ती काय उगीच? आता चालू झाली तरी मी घेत नाही, विषय संपला.’ तू विषय संपवलास म्हटल्यावर मी कोण बोलणारा? लसीबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. मी फक्त माझ्या दंडाची हकीकत लिहितो. आता दंडाच्या हकीकतीत लस मधूनमधून तोंड घालेल, त्याला माझा इलाज नाही.

तर मी साथीची लस घेतली एका मंगळवारी, वाचनालयाच्या सभागृहात. माझ्या पुढे आमचे समोरचे कंडक्टर होते. (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण माझ्या दुकानाच्या दारात कोणी उभं राहिलं की अजून ‘पुढे सरका, पुढे मोकळं आहे’ म्हणतात.) रांगेत एका गृहस्थाने मध्ये घुसायचा प्रयत्न केला तर कंडक्टर असे कडाडले की तो बिचारा रांगच सोडून गेला. ‘माझी लस संपली तर तुम्ही भरून देणार का?’ असा त्यांचा सवाल होता. मी लस घेतली, खुर्चीत अर्धा तास बसलो, घरी आलो आणि तुझ्या वहिनीला सांगितलं की कळलंसुद्धा नाही. (कळलं. पण ते पुढे.) तिची पाळी गुरुवारी होती. मी दिवसभर गिऱ्हाइकांना दंड दाखवत होतो आणि कापड कमी, उपदेशच जास्त मोजून देत होतो.

बुधवारी सकाळी रेडिओवर बातमी आली. लस घेतलेल्या लाखो माणसांपैकी काही थोड्यांना एक विरळा आजार झाला आहे, त्याचा लसीशी संबंध आहे का हे तपासेपर्यंत खबरदारी म्हणून देशभर लस थांबवली आहे. वाक्य तसं सरळ होतं. पण ते रेडिओतून निघून आमचा जिना उतरेपर्यंत त्यातले ‘थोड्या’, ‘तपासेपर्यंत’ आणि ‘खबरदारी’ हे शब्द पायऱ्यांवर गळून पडले. खाली पोचलं ते नुसतं ‘लस थांबवली.’ आणि रस्ता ओलांडून समोर गेलं तेव्हा मला वाटतं माझ्या नावाने दुखवटा सुरू झाला होता, कारण केमिस्ट स्वतः दुकान सोडून मला भेटायला आला, आणि हा माणूस आजवर माझ्याकडे फक्त पँटची चेन बदलायला आला आहे. कंडक्टर आले ते म्हणतच, ‘मी पहिल्यापासून सांगत होतो, घाई करू नका.’ मी त्यांना कालच्या गृहस्थाची आठवण करून दिली. ते म्हणाले, ‘तो सुटला ना! मीच वाचवलं त्याला.’

तुझी वहिनी माझ्या दंडाकडे बघत बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही अवयवाकडे तिने इतकं टक लावून पाहिलेलं नाही, लग्नात तर नाहीच. मग म्हणाली, ‘सुजलाय.’ मी म्हटलं नाही. ती म्हणाली, ‘तुम्हाला तुमचा दंड दिसतो का मागून?’ आणि तिने खुंटीवरची टेप काढली.

इथे तुला एक ध्यानात घ्यायला हवं. तुझी वहिनी काज-बटणं करते, हातशिलाई करते, माझी कात्री कुठे ठेवली ते मला सांगते, पण तिने आजवर टेप हातात धरलेली नाही. मापं मी घेतो. आणि मी त्या दिवशी रुग्ण असल्यामुळे मला टेपला हात लावू दिला नाही, खुर्चीत बसवून ठेवलं, खांद्यावर शाल टाकली. मापांच्या वहीत माझं स्वतःचं माप आहेच, गेल्या वर्षी नवा शर्ट शिवला तेव्हाचं : दंड अकरा. टेप म्हणाली, बारा.

धाकटे, मी तुला काय सांगू. चोपन्न वर्षं या धंद्यात आहे. इंचाने फरक म्हणजे काय ते मला कळतं. इंचाने माणसाचा शर्ट अंगात जात नाही. मी म्हटलं, पुन्हा मोज. पुन्हा बारा. कंडक्टर उभे होते, त्यांनी बाही वर केली आणि म्हणाले, ‘वहिनी, माझा बघा.’ वहीत कंडक्टर : दंड तेरा. टेपवर चौदा.

मग काय विचारतेस! या रस्त्यावरच्या निम्म्या माणसांचे शर्ट मीच शिवलेले, म्हणजे निम्म्या रस्त्याचे दंड माझ्या वहीत तारीखवार नोंदवलेले. एवढा पक्का पुरावा कुठल्या सरकारी दवाखान्यातही नसेल. मंगळवारी लस घेतलेला जो तो दुकानात येऊ लागला. कंडक्टरांनी दारात उभं राहून एकेकाला आत सोडलं (‘पुढे सरका’), वहिनीने मोजलं, केमिस्टने वहीतून आकडा वाचला. पाववाला, वाढला. शाळेच्या हेडबाई, वाढल्या. (त्यांच्या कोटाचं माप होतं.) दुपारपर्यंत चौदा माणसं झाली आणि चौदाही जणांचे दंड सुजले होते, आणि सगळे बरोब्बर एकेक इंच. केमिस्ट म्हणाला, ‘इतकं सारखं! हा काही योगायोग नाही.’ ते मात्र खरं निघालं.

चौदा माणसांचा मोर्चा वाचनालयात गेला. मी सगळ्यात पुढे, शाल पांघरून, टेप आणि वही घेतलेली वहिनी माझ्या शेजारी. सभागृहात खुर्च्या रिकाम्या होत्या आणि एका टेबलाशी नर्सबाई फोन घेत बसल्या होत्या. मंगळवारी मला सुई टोचली त्याच. एक फोन ठेवला की दुसरा वाजे, आणि त्या प्रत्येकाचं शांतपणे लिहून घेत होत्या, नाव, वय, काय होतंय, कधीपासून. कंडक्टरांनी आमचं प्रकरण मांडलं. मला वाटलं या बाई आता हसतील नाहीतर हाकलतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. चौदाही नावं लिहून घेतली, दंडापुढे ‘एक इंच’ असं चौदा वेळा लिहिलं. लिहिताना तेराव्या नावापाशी त्यांचा पेन जरासा थांबला. त्यांनी विचारलं, ‘लस न घेतलेल्या कोणाचा दंड मोजलात का?’

न सुजलेला दंड कोण कशाला मोजेल? मग तुझी वहिनी पुढे झाली. गुरुवारची तिची पाळी रद्द झालेली, तिला लसीचा थेंबही लागलेला नाही. वहीत तिचं माप साडेदहा. नर्सबाईंनी आमच्याच टेपने मोजलं. साडेअकरा.

केमिस्टने वही उलटीपालटी करून तो आकडा पुन्हा वाचला.

नर्सबाईंनी टेप टेबलावर आडवी पसरली, तिच्या टोकावर बोट ठेवलं आणि मला म्हणाल्या, ‘आजोबा, हिचा पहिला इंच कुठाय?’

आणि तेव्हा मला आठवलं. धाकटे, माझ्या टेपला पहिला इंच नाही. ती एकावरच सुरू होते. गेली कित्येक वर्षं मी माप घेतो आणि मनातल्या मनात एक वजा करून वहीत लिहितो. ही वजाबाकी माझ्या हातात इतकी मुरली आहे की डोक्याला तिचा पत्ताच नाही. आणि हात त्या दिवशी शालीखाली होता. पाववाल्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. हेडबाई म्हणाल्या, ‘तुम्ही आता कोपऱ्यात उभे राहा,’ आणि मी खरंच जाऊन उभा राहिलो.

पण तुला मला सांगायचं आहे ते वेगळंच. परत निघताना मी नर्सबाईंना म्हटलं, बाई, ती चौदा नावं खोडून टाका, लाज वाटते. त्या म्हणाल्या, ‘खोडायचं नसतं. टेपची चूक होती हेही लिहायचं असतं.’ आणि लिहिलं त्यांनी. मी पाहिलं. धंद्यात मापाची शंका आली की मी कात्री खाली ठेवतो. समोर बसलेलं गिऱ्हाईक तेवढ्याने घाबरतं, त्याला वाटतं कापड वाया गेलं. मला मात्र जो शिंपी कधीच कात्री खाली ठेवत नाही त्याची भीती वाटते. अकरा दिवसांनी लस चालू झाली. आजार खरा निघाला, फार विरळा निघाला, आणि कोणी ही लस न घेता दुसरी घ्यावी, कोणती लक्षणं दिसली की ताबडतोब यावं, ते छापून घरोघर दिलं. कंडक्टर म्हणाले, ‘चालू केली म्हणजे वरून दडपण आलं असणार.’ मी म्हटलं, ‘थांबवली तेव्हा?’ म्हणाले, ‘तेव्हाही दडपणच.’ या माणसाला खूश करायचं तर लस एकाच वेळी चालू आणि बंद ठेवायला लागेल. तुझी वहिनी पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत जाऊन घेऊन आली. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, ‘त्या बाईंची टेप पुरी आहे.’

मी त्यानंतर नवीन टेप आणली, पितळी टोकाची, पहिल्या इंचासकट. तिने आणखी घोटाळा केला, कारण हाताने वजाबाकी सोडली नाही. पहिला शर्ट शिवला कंडक्टरांचा, इंचाने तंग. त्यांनी आरशासमोर बाही चढवली, ती दंडात अडकली, आणि शर्ट अर्धा अंगात असतानाच ते वाचनालयाकडे पळत सुटले. नर्सबाईंनी त्यांचंही नाव लिहून घेतलं. मी पुन्हा जुन्याच टेपवर आलो आहे.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. झालरीचं कापड सुती घे, चुण्या सारख्या पडतात.

तुझा,
थोरला

ता. क. लसीबद्दल लिहिणार नाही म्हणालो होतो, पण ता. क. म्हणजे काही पत्र नव्हे. मागच्या थंडीत मेहुण्यांनी फोन तुझ्या हातात दिला होता, तेव्हा मला तुझा श्वास ऐकू आला, बोलणं ऐकूच आलं नाही. ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. दम्याचं मी नर्सबाईंना विचारलं. म्हणाल्या, आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, पण साथीचा धोका अशा छातीलाच जास्त. डॉक्टरांना विचार. एवढंच.

दुसरा ता. क. वर मी जो शहाणपणा लिहिला आहे त्यातला निम्मा वजा कर. त्या अकरा दिवसांत मी शर्टाच्या खिशात चिठ्ठी टाचून हिंडत होतो, ‘यांना मंगळवारी लस दिली आहे, बायकोला कळवावे, कात्री धाकटीला द्यावी.’ वहिनीला ती धुण्यात सापडली. आणि माझ्या दुसऱ्या डोसची तारीख दोनदा येऊन गेली आहे. मी वहिनीला सांगतो की ऑर्डर आहे. ऑर्डर नाही. आयुष्यभर सुयांत बसलेल्या माणसाला सुईची भीती वाटते हे मी तुझ्याखेरीज कोणाला लिहू? डोस कुठल्याही केंद्रावर चालतो म्हणतात. तर मी पुढल्या गुरुवारी तुझ्याकडे येतो. तू माझ्याबरोबर चल. तुला नसेल घ्यायची तर नको घेऊस, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून राहा. (खुर्ची रिकामी ठेवत नाहीत, एवढं सांगून ठेवतो.)

तिसरा ता. क. ‘पहिला इंच कसा गेला?’ असं नर्सबाईंनी विचारलं होतं, त्यांच्या वहीत कारणाचा रकाना होता. मी म्हटलं, झिजला. सात वर्षांच्या एका मुलीने बाहुलीला कमरपट्टा हवा म्हणून माझ्याच कात्रीने तो कापला, आणि नवी टेप आणली तर तिला वाईट वाटेल म्हणून मी तेव्हापासून एक वजा करत आलो, हे सांगितलं नाही. चौदा दंडांची सूज तुझी आहे. तुझं नाव मी घेतलेलं नाही, अजून तरी. गुरुवारी येऊ का ते लवकर लिही, परतीच्या टपालानेच लिही.