कावळ्याला दिलेला शब्द

९ नोव्हेंबर २०१३

जाणार! लिस्बनला! आज जेवताना सांगून टाकलं. बद्रीनाथचा घास हातातच राहिला. सूनबाईनं नुसतं नवऱ्याकडं पाहिलं — म्हणजे, बोला आता!

"आई, अण्णांना जाऊन अजून वर्षसुद्धा झालं नाही."

म्हटलं, त्यांना शब्द दिलाय, म्हणूनच चाललेय.

१० नोव्हेंबर

विसरले सगळे! पैठणला यांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. झाडावर बसून नुसता बघत होता. बद्रीनाथ हात जोडून म्हणाला, "अण्णा, आईला सांभाळीन." हलला नाही. माझे दीर नानासाहेब पिशोरहून आलेले, ते म्हणाले, "दादा, जमिनीवरून भांडनार नाय." तरी नाही. ऊन तापलेलं. मग माझ्याच तोंडून निघालं — "अहो, मी लिस्बनला जाऊन येते!"

आणि आला की खाली! नानासाहेब तर रडायलाच लागले. तेव्हा कोणी विचारलं नाही, लिस्बन कुठं आहे म्हणून.

जन्मभर हे 'बघू' म्हणत आले. तिथं एकदाचं 'हो' म्हणाले.

१७ नोव्हेंबर

नानासाहेब मुद्दाम आले. बद्रीनाथनंच बोलावलं असणार.

"वहिनी, वर्षाच्या आत बाईमाणसानं वेस वलांडू नाय. लोक काय म्हन्तील?"

"कावळा काय म्हणाला, भावजी?"

चहा पिऊन गेले.

२४ नोव्हेंबर

जाहेदाबरोबर दौलताबाद चढले. लिस्बन सगळं टेकड्यांवर, सवय हवी. यांच्याच शाळेत आम्ही दोघी शिकवायचो — ती गणित, मी इतिहास. आता प्रवासालाही दोघीच. मध्येच धाप लागली तर म्हणते, "बैठ जा गं, किल्ला कुठं पळतोय?" पण वर गेलोच!

वास्को द गामा लिस्बनहून निघाला, हे पोरांकडून किती वर्षं घोकून घेतलं. त्याला कोणी विचारलं नसेल, घरी कोण बघणार!

१ डिसेंबर

सूनबाई आता माझ्या गुडघ्यांमागं लागलीय. डॉक्टरला विचारा, थंडी असेल, तिकडं खाणार काय. हिची काळजी अशीच. यांच्या दहाव्याच्या पानात वडे, घारगे, सगळं वाढलं, पण गुलमंडीची इमरती ठेवू दिली नाही. जीव की प्राण होती यांना. "अण्णांना शुगर होती ना!" म्हणे. गेलेल्या माणसाला पथ्य!

मी ठेचा नेणार. भाकरी नसली तर पावाला लावून खाईन.

१५ डिसेंबर

बद्रीनाथ गोड बोलायला आला. "पुढच्या वर्षी आपण सगळेच जाऊ ना आई. बघू."

बघू! बापाचा शब्द तेवढा बरोबर उचललाय.

८ जानेवारी २०१४

व्हिसा आला!! दोघींचा!

१० जानेवारी

बॅग भरली. नऊवारी घरी, सलवार-कमीज बरोबर. जाहेदानं शिवून दिलेत, खिसे ठेवून. सूनबाईनं तोंड वाकडं केलं. पण अडवत कोणीच नाही — अण्णांचा शब्द कोण मोडणार? तेवढ्यावर तर सगळं निभावलंय.

११ जानेवारी

जाहेदा आली. चहा घेईना.

"मनकर्णा, रागवू नको. मनात ठेवून तुझ्यासंग कशी येऊ? पैठणला मी सगळ्यांच्या मागं उभी होते. सरांसाठी इमरती आणली होती. तुकडा हळूच पिंडाजवळ टाकला. सर भूके जाते क्या? तू बोलली, त्याच्या आधीच कव्वा उडाला होता गं."

म्हणजे हे इमरतीला आले! लिस्बनला 'हो' म्हणालेच नाहीत. आधी हसले. मग खूप रडले, तिच्या खांद्यावर.

ती गेल्यावर बद्रीनाथला सगळं सांगून टाकलं. त्याचा चेहराच खुलला. "मग आता कशाला जायचं, आई?"

म्हटलं, "मला जायचंय म्हणून."