साचेखात्यात राहिलेला आवाज

सोलापूर,
गड्ड्याची जत्रा उठल्यानंतरचा रविवार, १९७४

तीर्थस्वरूप कुंडलिकमामांच्या चरणी भाचा मानसिंग याचा एका गुडघ्याचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण दुसरा गुडघा भोपळ्यासारखा सुजला असून वाकायचे नाव घेत नाही. तो उतरला की राहिलेला अर्धा नमस्कार श्रीपूरला समक्ष येऊन पुरा करीन.)

तुमची पाठ कशी आहे? ऊस गाळपाचा हंगाम ऐन भरात, त्यात तुमची रात्रपाळी, तेव्हा वच्छलामामींकडून पाठ शेकून घेत जा आणि 'मला काय धाड भरलीय' असे म्हणून लावलेले तेल पुसून टाकू नका. मामी आणि चि. विजयमाला जत्रेहून सुखरूप पोचल्या असतीलच. एसटीत बसवून दिले तेव्हा मामींच्या मांडीवर जत्रेतला नवा लोखंडी तवा होता आणि कंडक्टर त्याचे वेगळे तिकीट मागत होता. पुढे कोण जिंकले ते कळवणे. येथल्या हकिकती मामींनी सांगितल्या नसतील असे धरून मी लिहितो. सांगितल्या असल्यास पत्र टाकून न देता शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

मामा, आपल्या गिरणीने ढाल जिंकली! आणि तुमचा भाचा कायम झाला! हे मी सकाळपासून तीन कागदांवर लिहून पाहिले, तिन्ही वेळा खरे वाटले. गेल्या दिवाळीत ओसरीवर सुपारी कातरत तुम्ही म्हणाला होता, "बदलीवाल्याला पोरगी कशी द्यायची रं? आज काम हाय, उद्या न्हाय. कायम हो, मग बघू." आणि सुपारी तोंडात पडायच्या आत तुमच्या कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या कारकुनाचे स्थळ काढलेत. तो कायम आहे, त्याला सावलीत खुर्ची आहे, हे मला मान्य. पण त्या दिवसापासून माझ्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच, आणि म्हणूनच मी कबड्डीच्या संघात शिरलो. आमच्या साहेबांनी जाहीर केले होते की गिरण्यांच्या सामन्यांतली ढाल आणली, तर संघातल्या बदलीवाल्यांना कायम करतो.

आता आमचे हाल ऐका. संघाचा वस्ताद ईरप्पा, आणि साचेखात्याचा (म्हणजे जिथे माग चालतात त्या खात्याचा) जॉबर, मुकादम म्हणा, तोही ईरप्पाच. म्हणजे पहाटे मैदानात बैठका काढायला लावणारा तोच, आणि सकाळी फाटकाशी उभे राहून बदलीवाल्यांची नावे पुकारणाराही तोच. मैदानात त्याच्यामुळे उशीर झाला तरी फाटकात तो ओळख दाखवत नसे. (मी एकदा म्हणालो, "जॉबर, आताच तर तुमी माझी मान पकडली हुती." तर म्हणे, "ती मान खेळाडूची. ही बदलीवाल्याची.") त्यामुळे भोंगा झाला की मातीच्या अंगाने तसेच फाटकाकडे पळायचे, कारण पुकारा चुकला की त्या दिवसाचे काम दुसऱ्याच्या पदरात. मग दिवसभर दोन साच्यांमध्ये उभे राहायचे, धोटा भरायचा, तुटलेला धागा दिसला की वाकून गाठ मारायची. संध्याकाळी पाय माझे की गिरणीचे, हे चिमटा काढून पाहावे लागे. एकदा भाकरीचा घास हातात धरूनच मी झोपलो, तो घास मल्लप्पाने खाल्ला आणि मला उठवून "पोट भरलं काय?" असे विचारले. (मल्लप्पा म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, अक्कलकोटकडचा, शेजारच्याच साच्यावर आणि संघातही आहे.) साच्यांमधल्या अरुंद वाटेत मी चढाईचे पाय टाकून पाहत असे. एक दिवस साहेब मागून आले, वळताना माझा हात त्यांच्या पोटाला लागला, आणि सवयीने मी त्यांना बाद करून दारापर्यंत पळत गेलो. त्यानंतर साहेब बरेच दिवस माझ्या साच्याला वळसा घालून जात होते.

माझे पाय चांगले, खोड होती दमाची. ईरप्पा म्हणे, "पाय हरणाचे, दम मातर कोंबडीचा. कापूस गिळतोस काय रं?" दम वाढवायला वेळ कुठून आणायचा? तेव्हा मी डोके लढवले. साचेखात्यात आवाज इतका की कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू येत नाही. तेथे सगळे व्यवहार ओठांवर आणि हातांच्या खुणांवर चालतात. मूठ ओठाशी नेली की चहा. दोन बोटे जोडून फटकन वेगळी केली की धागा तुटला. अशा ठिकाणी मी दिवसभर एका साच्यापासून दुसऱ्यापर्यंत आणि परत, एका दमात जप करत हिंडू लागलो. दम असा लांबला की विचारू नका! अंतिम सामन्याआधी आमच्या मुख्य चढाईवाल्याचा पाय मुरगळला तेव्हा मी छाती पुढे काढून ईरप्पाला सांगितले की आता मला पाठवा. त्याने साच्यांमध्ये उभे राहून माझी परीक्षा घेतली. माझे ओठ हलताहेत आणि हलतच आहेत, हे पाहून त्याचे डोळे पाणावले.

सामन्याला सगळे सोलापूर लोटले होते. जत्रेचीच गर्दी ती, पाळण्यातून उतरली की मैदानात. मी पहिली चढाई केली. काय पाय पडत होते मामा! समोरचे गडी भांबावलेले, दम भरपूर, आणि पंचांनी शिट्टी मारून मला बाद दिले. म्हणे दम घेतलाच नाही. मी तर कबड्डी कबड्डी म्हणत होतो! दुसऱ्या चढाईला पुन्हा तेच. लोक ओरडू लागले, "मुका हाय काय रे?" ईरप्पाने कपाळाला हात लावला. शेवटी मल्लप्पाच्या ध्यानात आले. तो म्हणाला, "अरे, तुजा आवाज खात्यातच ऱ्हायला की! तू नुस्ता ओठ हलवतोस."

आणि ते खरे होते. त्या गडगडाटात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, तेव्हा तो निघतो की नाही हे कळणार कसे? बिनआवाजाचा दम मी डोंगराएवढा कमावला होता. डोळ्यांपुढे काट्यावरची ती खुर्ची दिसू लागली, शेजारी दुसरी खुर्ची, आणि तिच्यावर कोण बसले आहे ते मी लिहीत नाही. रडू आले होते मामा, खोटे कशाला सांगू.

शेवटची चढाई माझ्यावर आली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे. मल्लप्पा बाद होऊन रेषेबाहेर बसला होता. तो म्हणाला, आवाज बारीक झाला की मी खूण करतो. कोणती खूण ते ठरवायचे राहिले. मी ओरडत आत शिरलो, पण पाय नाचू लागले तसा आवाज सवयीने बारीक होऊ लागला. पंचांनी शिट्टी ओठाला लावली. मल्लप्पाने घाबरून हाताला आली ती खूण केली, दोन बोटे जोडून फटकन वेगळी! धागा तुटला म्हटल्यावर साचेवाला काय करणार? मी शत्रूच्या अंगणात खाली वाकलो आणि मातीत धागा शोधू लागलो. त्याच क्षणी कमरेला झडप घालायला दोघे दोन्हीकडून उडाले होते. ते माझ्या पाठीवर एकमेकांवर आदळले आणि तिसरा माझ्या गुडघ्यावर पडला. त्या कळेने जो आवाज फुटला! कबड्डी कबड्डी करत तिघांना अंगावर घेऊन मी सरपटत रेषेला बोट लावले. तिघे बाद, तीन गुण, ढाल आमची!

पहिल्या तारखेपासून मी कायम. सामन्यापासून माझा आवाज मात्र पुरता बसला आहे, म्हणून समक्ष न येता लिहिले. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी काही लिहीत नाही. तुम्ही जाणते आहात.

आपला (आता बदलीतला नव्हे) भाचा,
मानसिंग

ता. क. : वर एक गोष्ट जरा आखूड लिहिली. दिवसभर कबड्डी कबड्डी म्हणून माणसाला वीट येतो. खात्यात कोणाला ऐकू जात नाही म्हणून मी दुसरे एक नाव घेत होतो. ते मोठ्याने घ्यायची छाती नव्हती, त्यामुळे ओठांवरच घेतले आणि तीच सवय जडली. ईरप्पाच्या परीक्षेत मी कबड्डीच म्हटले, पण मल्लप्पाने पहिल्याच आठवड्यात ओठ वाचून ओळखले होते.

आणखी ता. क. : रेषेला बोट लावले, शिट्टी झाली, तरी माझा दम संपेना. (कमावलाच होता तेवढा.) मी पडलो होतो ते सामना जाहीर करणाऱ्याच्या टेबलाखाली, आणि माइकही माझ्याबरोबरच पडला होता. त्यामुळे उरलेल्या दमात मी जे नाव घेतले ते लिंबाच्या झाडावरच्या कर्ण्यातून सगळ्या मैदानाने ऐकले. काट्यावरच्या कारकुनाचे चुलतेही तेथे होते. ते जाताना माझ्याकडे फार वेळ बघत होते. तेव्हा मामा, घराण्याच्या अब्रूसाठी तरी लौकर तारीख धरावी, हे या पत्राचे कारण.

शेवटचे ता. क. : मामी आणि विजयमाला बायकांच्या बाजूला पुढेच बसल्या होत्या. मामी स्टँडवर म्हणाल्या, "ह्ये मी न्हाय बाई सांगणार तुज्या मामाला. तूच लिही." एसटी सुटताना विजयमाला मात्र खिडकीतून म्हणाली, "येवडा आवाज व्हता, तर दिवाळीतच का न्हाय काडला?"