येऊन राह्यली

१६ नोव्हेंबर, रविवार

पोहोचलो एकदाचे. सांगली ते वर्धा अख्खा प्रवास आमची तान्ही ठकी शहाण्यासारखी झोपली आणि सावंगीत घराचं कुलूप काढताच तिने भोकाड पसरलं. अनुप म्हणाला, घर पसंत पडलेलं दिसतंय. सव्वा महिना माहेरी आईच्या हातचं खाऊन आले, आता आपला संसार आपण. अनुप इथे एका लॅबमध्ये नोकरीला, त्यामुळे घर त्यानेच बघून ठेवलं होतं. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात कडुनिंब, चूल आणि न्हाणीचा काळा दगड. आई सोबत येणार होती, पण ऐनवेळी पाय मोडून बसली. असू दे. एवढंसं पोर ते, त्याला सांभाळायला किती माणसं लागतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ठकीला न्हाऊ घालायला जिजाबाई येऊ लागली. धिप्पाड बाई, डोक्यावरून पदर. चुलीवर पाणी तापवते, दगडावर पाय पसरून बसते, ठकीला पायांवर पालथी घालते आणि तेल असं रगडते की मलाच धडकी भरते. ठकी मात्र खुशीत. आज बाई म्हणाली, "पोरगी हासून राह्यली." मी विचारलं, हसून कुठे राहिली? बाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग अनुपने समजावलं, इकडे राह्यली म्हणजे राहिली नव्हे, चालू आहे. रडून राह्यली म्हणजे रडतेय, येऊन राह्यली म्हणजे येतेय. स्वतः पवनारचा, पण माझ्याशी बोलताना अगदी पुणेरी होतो. काऊन म्हणजे का, हेही शिकले आणि संध्याकाळभर त्याला छळलं. मी भाजी करून राह्यली, तू काऊन बसून राह्यला?

२२ नोव्हेंबर, शनिवार

झोप नाही. ठकी दूध पिता पिता थांबते आणि माझ्याकडे बघते, अनोळखी बाईकडे बघावं तसं. मलाही तिच्याबद्दल काही वाटत नाही. लिहून टाकते, कारण सांगणार कुणाला. तिला छातीशी धरलं की वाटतं, बसमध्ये कुणीतरी आपलं मूल जरा धरा म्हणून माझ्या हातात दिलंय आणि ती बाई परत येतच नाहीये. अनुपला म्हटलं, मला सारखं रडू येतं. तो म्हणाला, सगळ्याच बाळंतिणींना येतं, निवळेल. आईला फोनवर मजेत आहे म्हणाले.

सकाळी मागच्या अंगणातून आवाज आला, "मी येऊन राह्यली." जिजाबाई असणार म्हणून चुलीवर पाणी ठेवलं. ती आली तेव्हा पाणी आटून निम्मं झालं होतं. म्हणाली, मी तर आत्ता फाटक उघडलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जिजाबाई भाचीच्या लग्नाला तळेगावला जाणार म्हणाली होती, पण आज आली. बोलली नाही फारसं. अंगणात पाठमोरी बसली होती, पदर पुढे ओढून. मी पलंगावर पडून पाण्याचा आवाज ऐकत होते. किती बरं वाटलं. मध्येच ती म्हणाली, पाणी थंड हाय, अजून तपू दे. ठकी जरा जास्तच रडली. पाठ लाल झालीय. गोऱ्या बाळांची होत असेल अशी लाल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अनुपने पाठ पाहिली. एवढं कढत पाणी कुणी घातलं, म्हणाला. जिजाबाईने, म्हटलं. त्याने तिला फोन लावला. मागे लग्नाचा बँड वाजत होता. सोमवारपासून ती तळेगावातच आहे. तो म्हणाला, मग दुसरीच कुणी असेल, आता कुणाला आत घेऊ नकोस.

काल माझ्या गाऊनची किनार ओली होती. तळहातांना तेलाचा वास. साबणाने जात नाही—

आवाज येतो हे त्याला सांगायला हवं होतं. वेडी म्हणतील. ठकीला माझ्याकडून काढून घेतील. घेतली तर बरंच, तिला काही— उद्या सांगते. उद्या नक्की.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अनुप कामावर गेला आणि आवाज आला. आज अंगणातून नाही. घरातून. मी येऊन राह्यली.

आता कळलं. येतेय असं म्हणत नव्हतीच ती. मला पहिल्या दिवशी कळलं तेच बरोबर होतं. ती येऊन, राहिली.

अनुपला फोन केला. सगळं सांगितलं. आवाज, पाणी, तेल. तो वेडी म्हणाला नाही. म्हणाला, बरं केलंस सांगितलंस, निघालो, लगेच डॉक्टरकडे जाऊ. ठकीला पाळण्यात ठेव. मी येईपर्यंत हात कशात तरी गुंतवून ठेव.

म्हणून लिहितेय. हात वहीवर आहेत तोवर ठकीला—

ठकी रडते. रडू दे. लिहायचं. आज पहिल्यांदा उठून तिला छातीशी घ्यावंसं वाटतंय. माझी आहे ती. माझी ठकी. उठायचं नाही.

मागे चूल पेटलीय. मी नाही पेटवली. माझे हात इथेच होते. बोटांना काजळी कशी—

ठकी रडून राह्यली. नाही. रडते आहे. ठकी रडते आहे. रडते आहे. रडते

फाटक वाजलं. अनुप, लवकर ये, मी अजून लिहिते—

उगी माय, उगी. पाणी तपून राह्यलं. मी येऊन राह्य