सासरे पुन्हा मळ्यात आले

प्रिय आईस,

आशीर्वाद दे. मी ठीक आहे, पोटभर जेवते. कंबर दुखते ती इथल्या उतारामुळे, काळजी करू नकोस.

सासूबाई गेल्यापासून मामंजी चुलीपाशी बसूनच होते. माझा अमादेऊ कामासाठी पोर्तोला, त्यामुळे दोरू नदीकाठचा द्राक्षमळा एकट्या माझ्या अंगावर. जुन्या मळ्यात एकाच ओळीत नाना जातींच्या वेली, आणि मी पडले कोळ्याची लेक.

परवा मी सोझांव जातीचा घड ओळखला. तरी तो मामंजींपुढे धरून मुद्दामच विचारलं, "ही तुरीगा ना?"

"तुरीगा? सार्डिनला बांगडा म्हणशील का? चिरडून बघ, हिनं बोटं रंगतील, तुरीगानं नाही."

"मग तुरीगा कुठली?"

"सांगून तुला काय कळणार," म्हणत त्यांनी टोपी चढवली आणि नदीपर्यंतची वेल न् वेल दाखवली. एका पांढऱ्या घडापाशी मात्र थबकले. "ही राबिगातू. तुझ्या सासूनं लावलेली." मी नुसता त्यांचा हात धरून उभी राहिले.

आज सकाळी कात्री घेऊन तेच दारात हजर. "चल, कोळीणबाई, ऊन चढतंय."

बाबांचा गुडघा कसा आहे? ते समुद्रावर जात नसतील, तर त्यांना काहीतरी चुकीचं विचारून बघ.

तुझीच,
लिओनिल्द