बरं हाय म्हणालो त्याबद्दल

परभणी, ७ मार्च १९५५

डॉक्टरसाहेबांस उमाजीचा नमस्कार.

कचेरीची दफ्तरं नेताना गाडी उलटली, तेव्हापासून माझा उजवा हात उचलत नाही. काम होत नाही असा तुमचा दाखला मिळाला, तरच वजिफा, म्हणजे पेन्शन, सुरू होईल. काल तुम्ही विचारलंत, "कसं काय, उमाजी?" मी सवयीनं म्हणालो, "देवाच्या दयेनं बरं हाय." तुम्ही तेच लिहून घेतलंत. देवाचं नाव सोडून गाऱ्हाणं आधी कसं सांगावं?

घरी मंडळी कडाडली, "अवो, देवाला समदं ठावं हाय. डागदराला कोन सांगनार?"

डाव्या हाताचं हे अक्षर तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून पत्र न पाठवता घरीच ठेवून देतो. उद्या फेरतपासणीची शेवटची तारीख. तुम्ही पुन्हा तसंच विचाराल, याची धास्ती वाटते. देवाचं नाव मनातच घेईन. तोंडानं हाताचंच सांगेन.

आपला,
उमाजी