डाव्या कानाची टिकली

शनिवार, संध्याकाळ

जिंकलो! माझा निव्वळ आवाजावर चालणारा शूटिंगचा गेम आज भावोजी पहिल्यांदाच माझ्या टीममधून खेळले. मला दिसत नाही, त्यांना दिसतं, म्हणून आधी केवढा रुबाब! आणि पहिल्या दोन्ही राउंडला सगळ्यात आधी तेच मेले. शत्रूची पावलं डावीकडे वाजली की हे हमखास उजवीकडे गोळ्या झाडणार. असं कसं?

शेवटी त्यांना दिलेला माझा जुना हेडफोन चाचपला. डावी बाजू कळावी म्हणून मी तिथे ताईची टिकली चिकटवली होती. ती गायब!

"ती होय? चुकून चिकटली असेल म्हणून मीच काढली."

म्हणजे हेडफोन उलटा! ताई खो खो हसत नवी टिकली घेऊन आली.

पुढचे दोन राउंड आमचे. पाचव्यात आम्ही दोघंच उरलो, समोर एकच शत्रू. भावोजी कुजबुजले, "आता जाऊ का रे पुढे?"

आमच्या एचएसआर वस्तीतला मोठा रस्ता ओलांडताना, त्यांचा दंड धरून, रोज हे मी विचारतो.

"स्वल्प थांबा," मी इथल्या कानडी ढंगात म्हटलं. पावलं नीट ऐकली. "हं, आता! टिकलीच्या बाजूला!"