ओढ्याकाठी सोडलेली पट्टी

४ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, माझं शिलाईचं मशीन कुरकुरतं, आणि दोघांना तेल घालून मी दमलोय. आता कामाचं.

काल गावाकडून भाजी आणणारा ट्रकवाला पँट आखूड करायला आला आणि माझी झोप आखूड करून गेला. ओढ्याकाठची आपली सगळ्यात कसदार पट्टी तू पेरलीच नाहीस म्हणे, तिथे कमरेएवढं गवत माजलंय. कोणी चष्मेवाली बाई बाटल्या घेऊन फिरते आणि शेजारचा गोठेवाला तिला बांधापर्यंत सोडायला येतो. ज्याचं तोंड तू वर्षभर पाहत नव्हतीस, तो आपल्या बांधावर कसा? बारके, जमीन दोघांच्या नावावर आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

लगेच उत्तर धाड. लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.
तुझा,
दादा

१२ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ट्रकवाल्याला म्हणावं, गाडी चालवताना डोळे रस्त्यावर ठेव. वहिनीला गुडघा शेकायला सांग आणि तू डोकं थंड ठेव.

ओढा हिरवा पडून घाण मारायला लागला तेव्हा मी गोठेवाल्यालाच धरलं होतं. त्याच्या शेणाचा निचरा ओढ्यात येतो, असं चारचौघांत सुनावलं. मग ही बाई आली. पाणी तपासणं हेच तिचं काम. तिने गोठ्याच्या वरचं, गोठ्याखालचं आणि आपल्या शेताखालचं पाणी वेगवेगळं तपासलं. गोठ्यापाशी थोडी घाण होती. आपल्या शेताखाली मात्र खतच खत. आपण उतारावर सगळं खत एकदम फेकतो. पिकाला लागतं तेवढं ते घेतं, उरलेलं पाण्याबरोबर खाली जातं.

म्हणून ती पट्टी सोडली. गवताची मुळं वाहून येणारं खत अडवतात. यापुढे खत थोडं थोडं, पिकाच्या भुकेप्रमाणे द्यायचं. पीक निघालं की जमीन उघडी टाकायची नाही, काहीतरी हिरवं पेरायचं. गोठेवाल्यानेही शेणासाठी पक्का खड्डा बांधायला घेतलाय.

तुला विचारलं नाही, हे चुकलं. पण तू हो म्हणाला नसतास.

माया असू दे, शंका कमी असू दे.
तुझी,
बारकी

२१ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. शिवण बाहेरून सरळ दिसते तेव्हा मी कापड उलटून बघतो, तसं हेही उलटून बघितलं. पाणी तपासतात त्या कचेरीत तुझ्या वहिनीची मैत्रीण आहे. तिच्याकडून कळलं की तुझी चष्मेवाली गोठेवाल्याची सख्खी भाची आहे! हे तू लिहिलं नाहीस. विसरलीस, की लपवलंस?

आता मला सगळं लख्ख दिसतंय. मामाचा गोठा आणि भाचीच्या बाटल्या! दोष आपल्या माथी येणारच. आज तू पट्टी सोडलीस, उद्या त्याच्या म्हशी त्यात चरतील, परवा तो म्हणेल, ही जागा माझीच. तू भोळी आहेस. मी मोजणीवाल्याला पाठवतोय. हद्दीचे दगड तपासल्याशिवाय मला चैन पडणार नाही. साप साप म्हणून भुई धोपटतो असं म्हण हवं तर.

रागावलीस तरी जेवत जा.
तुझा,
दादा

२ एप्रिल

ति. दादास,
सा. न.

मोजणीवाला येऊन गेला. दगड जागच्या जागी आहेत. फितीचं दुसरं टोक कोणी धरलं होतं माहितीय? गोठेवाल्याने. तू त्याच्यावर संशय घेऊन माणूस पाठवलास, हे त्याला कळत होतं. तरी मोजणी संपेपर्यंत उन्हात उभा राहिला. मला मान वर करवेना.

भाचीचं मी लपवलंच. आता ऐक.

हिवाळ्यात गोठेवाल्यांचा पंप जळाला आणि ते आपल्या ओढ्यालगतच्या विहिरीचं पाणी न्यायला लागले. जुनं भांडण होतं, पण पाण्याला कोणी नाही म्हणतं का? त्यांच्या सुनेचं बाळ दोन महिन्यांचं, वरच्या दुधावर. ती बिचारी तेच पाणी चांगलं उकळून त्यात दुधाची पावडर कालवायची. एके दिवशी बाळाचे ओठ निळे पडले, मग नखं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते रडेनासंही झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. खत मुरलेलं पाणी मोठ्यांना सहज जाणवत नाही, तान्ह्या बाळाचं रक्त मात्र बिघडवतं. आणि उकळल्याने ते जात नाही, उलट दाट होतं. बाळ वाचलं. भाची आली ती त्यासाठी, तुझ्या जमिनीसाठी नव्हे.

चारचौघांत मी त्याला बोलले, तेव्हा त्याचा नातू दवाखान्यात होता. मनात आणलं असतं तर त्याने मला तिथेच गप्प केलं असतं. केलं नाही. मला हे सुनेकडून कळलं, तेही ती स्वतःलाच दोष देत रडत होती म्हणून. बाहेर बोलू नका, असं तिने हात धरून सांगितलं होतं. ते आज मी मोडलं.

विहिरीवर फळी ठोकलीय. पाणी निवळायला वर्षं लागतील म्हणे. आता तुझ्या वाट्याची पट्टी नांगरायची असेल, तर ये आणि तूच नांगर. मी धरणार नाही.

तुझी,
बारकी

९ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी दुकान बंद केलं. तुझी वहिनी विचारत राहिली. शेवटी तिच्या हातात पत्र दिलं.

पट्टी नांगरायची नाही. उलट माझ्या वाट्यातल्या अजून दोन सऱ्या सोड, आणि काठाने खोल मुळांची झाडं लाव. त्या बाईंना विचारून लाव, ट्रकवाल्याला विचारून नको.

रविवारी येतोय. गोठेवाल्याकडे मी एकटाच जाईन. काय बोलायचं ते वाटेत जुळवीन. नाही जुळलं तर नुसता बसेन. त्याने दारातून परत पाठवलं, तरी तू मध्ये पडू नकोस.

बाळासाठी अंगडी शिवलीत, मऊ सुती, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे टोचायची नाही. माप विचारायला तोंड नव्हतं. म्हणून थोडी मोठीच बेतलीत. वाढायला जागा हवी.

माझ्यावर लोभ ठेवणं जड जात असेल, तरी ठेव.
तुझा,
दादा